गेममधल्या बंदुकीचं लटकन घेताना

बेंदराला शिंगांना गोंडे बांधले म्हणून बैल जास्त ओढत नाही, आणि व्हॅलोरंटमध्ये बंदुकीला बाहुली टांगली म्हणून गोळी नेमकी लागत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. गेमच्या दुकानात मात्र प्रत्येक हौसेवर किमतीची चिठ्ठी असते आणि ती रुपयांत क्वचितच लिहिलेली असते. ती चिठ्ठी कशी वाचायची, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

चार्म म्हणजे गेममधल्या बंदुकीच्या कडेला साखळीने लोंबणारं छोटं लटकन. कधी ते बदक असतं, कधी कवटी, कधी एखाद्या संघाचं बोधचिन्ह. पळताना ते झुलतं, गोळी झाडली की उडतं. बंदुकीची ताकद, धक्का, गोळ्यांची संख्या यांतलं काहीही त्याने बदलत नाही. रेनबो सिक्स सीज हा गेम २०१५ च्या डिसेंबरात आला, त्यात चार्म आहेत. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला, तिथे यालाच 'गन बडी' म्हणतात. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये ते फोनवर मिळतं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ते सगळ्यात उशिरा, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, आणि येताना बाजार सोबत घेऊनच आलं.

बारामतीत शिकायला खोली करून राहिलेल्या पोरांकडे लॅपटॉप असतो, म्हणून तिथे गप्पा व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकच्या. इंदापूर तालुक्यात भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकीच्या बाजूला गेम फोनवर चालतो, आणि तो फोन पुष्कळदा वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा. त्यामुळे खाली लिहिलेलं काही खेळणाऱ्यासाठी आहे आणि काही ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याच्यासाठी. दोघांनी मिळून वाचलं तर उत्तम.

घेतलेलं लटकन कुणाचं?

घेण्याआधी एक प्रश्न विचारा: उद्या मला हे नको झालं तर काय होईल? प्रत्येक गेममध्ये याचं उत्तर वेगळं आहे.

व्हॅलोरंट आणि कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये उत्तर सोपं आहे: काहीही होणार नाही. लटकन तुमच्या खात्यात राहील, या बंदुकीवरून त्या बंदुकीवर हवं तेव्हा हलवता येईल, पण मित्राला देता येणार नाही आणि विकता तर मुळीच येणार नाही. घातलेले पैसे खर्च झाले असंच धरायचं. मला हा प्रकार प्रामाणिक वाटतो. सिनेमाचं तिकीट काढल्यावर ते परत विकायचा विचार आपण करत नाही, तसंच हे.

काउंटर-स्ट्राइकचं तसं नाही. तिथलं चार्म स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या बाजारात विकता येतं, दुसऱ्याशी अदलाबदल करता येतं. प्रत्येक चार्मला एक नमुना क्रमांक असतो. त्या क्रमांकाप्रमाणे रंग किंवा नक्षी किंचित बदलते आणि त्यावरून एकाच चार्मचे दोन भाव होतात. इथे नवख्या पोराला वाटतं की आपण खेळत नाही, गुंतवणूक करतोय. तीन गोष्टी त्याला कुणी सांगत नाही. एक, स्टीमच्या बाजारात काउंटर-स्ट्राइकची वस्तू विकली की खरेदीदार भरतो त्यात १५ टक्क्यांची वाढ कंपनीच्या वाट्याची असते. दोन, मिळालेले पैसे स्टीमच्या पाकिटात पडतात आणि तिथून बँकेत येत नाहीत. त्यातून पुन्हा गेमच घ्यायचे. तीन, बाजाराचे नियम कंपनी एका रात्रीत बदलू शकते. २२ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये पाच दुर्मीळ लाल स्किन (बंदुकीची रंगसजावट) देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवायची सोय झाली आणि वर्षानुवर्षं महाग असलेल्या चाकूंचे भाव धाडकन कोसळले. ज्यांनी चाकू 'ठेव' म्हणून घेतले होते त्यांना विचारायचीही गरज कंपनीला वाटली नाही, कारण कराराप्रमाणे ती नव्हतीच.

आणखी एक बारकावा. या गेममध्ये बंदुकीला लावलेलं स्टिकर खरवडलं की संपतं. चार्म मात्र काढून दुसरीकडे लावता येतं, पण काढायला वेगळं साधन लागतं. म्हणून मित्राच्या सांगण्यावरून घाईने लावू नका. आधी बंदूक फिरवून बघा, जागा ठरवा, मग लावा.

हिशेबाचा नमुनाही बघा. चार्म आले तेव्हाचा आर्मरी पास सुमारे १६ डॉलरचा होता. खेळून त्यातून ४० क्रेडिट मिळवायची आणि एका चार्मला ३ क्रेडिट लागायची. म्हणजे पूर्ण पास चार्मवर उडवला तर तेरा चार्म, एकेक सव्वा डॉलरच्या आसपास. पण कुठलं चार्म निघेल ते तुमच्या हातात नाही, आणि त्यांतली बरीचशी बाजारात त्याहून स्वस्त मिळतात. एखादंच हवं असेल तर सोडत खेळण्यापेक्षा ते थेट बाजारातून घेणं जवळपास नेहमीच परवडतं.

कमावलेलं लटकन

माझं मत विचाराल तर संग्रहाला शोभा येते ती कमावलेल्या लटकनांनी. सीजमध्ये क्रमवारीचे सामने खेळलात की हंगाम संपल्यावर तुम्ही गाठलेल्या दर्जाचं चार्म मिळतं, आणि त्या हंगामाचं चार्म पुढच्या हंगामात गेमच्या दुकानात पैसे टाकून घेता येत नाही. व्हॅलोरंटच्या बॅटल पासचा, म्हणजे खेळत पायऱ्या चढायच्या हंगामी पासचा, पैशांचा भाग १००० व्हीपीचा (व्हीपी म्हणजे त्या गेमची नाणी) असतो, पण त्याच पासात फुकटच्याही पायऱ्या असतात आणि त्यांत अधूनमधून बडी असते. मोठ्या स्पर्धांचं थेट प्रक्षेपण आपल्या खात्याला जोडून बघितलं तरी कधी कधी मिळते. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलच्या हंगामी कार्यक्रमांतही साधी चार्म फुकट वाटली जातात.

फुकटचं म्हणजे वेळ लागणार हे उघड आहे. दहावी-बारावीच्या वर्षात दर हंगामाचा पास पुरा करायचा हट्ट धरू नये. पास तसाच बनवलेला असतो की रोज थोडं खेळलं नाही तर मागे पडल्यासारखं वाटावं. एखादा हंगाम सोडून दिला तर संग्रहात एक जागा रिकामी राहते, बाकी काही बिघडत नाही.

सोडतीचं गणित

लटकनाच्या नावाखाली सगळ्यात जास्त पैसे जातात ते सोडतीत. पेटी उघडा, चक्र फिरवा, नशीब आजमावा. पेटीवर बहुधा बारीक अक्षरांत शक्यता लिहिलेली असते. समजा ती १ टक्का आहे. पोरं समजतात, शंभर वेळा उघडली की एकदा मिळणारच. तसं नसतं. शंभर वेळा उघडूनही ती वस्तू एकदा तरी मिळण्याची शक्यता ६३ टक्के भरते. म्हणजे शंभर पोरांनी शंभर-शंभर पेट्या उघडल्या तर सदतीस जण रिकाम्या हाताने घरी जातील. दोनशे पेट्यांनी हा आकडा ८७ टक्क्यांवर जातो, तीनशेने ९५ वर. शंभर टक्क्यांवर तो कधीच जात नाही. 'इतके घातलेत, आता निघेलच' हे वाक्य तोंडात आलं की फोन खाली ठेवायची वेळ झाली, कारण मागच्या पेट्यांची आठवण पुढच्या पेटीला नसते.

कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलच्या लकी ड्रॉची पद्धत वेगळी आहे. तिथे मिळालेली वस्तू पुन्हा निघत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत खेचलं तर सगळंच मिळतं. मेख अशी की प्रत्येक ओढीला किंमत वाढत जाते आणि शेवटच्या ओढीची किंमत पहिलीच्या कितीतरी पट असते. मुख्य बंदूक बहुधा शेवटी राहते. चार्म, स्टिकर, कॉलिंग कार्ड ही भरती आधी निघते. तुम्हाला खरोखर चार्मच हवं असेल तर पहिल्या एक-दोन स्वस्त ओढी घेऊन थांबायला हरकत नाही. थांबता येणार असेल तरच.

मग नाण्यांचा घोळ. बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) यूसी, कॉल ऑफ ड्यूटीत सीपी, व्हॅलोरंटमध्ये व्हीपी. समजा लटकन ४०० नाण्यांना आहे आणि नाणी ३०० किंवा ६०० च्या गठ्ठ्यांतच मिळतात. तुम्ही ६०० घेणार, २०० उरणार, आणि ती उरलेली २०० तुम्हाला पुढच्या खरेदीकडे ओढणार. उपाय साधा आहे: किंमत नाण्यांत मोजू नका, लागणाऱ्या पूर्ण गठ्ठ्याचे रुपये मोजा. हा आकडा घरात मोठ्याने सांगायला जीभ अडखळत असेल, तर उत्तर तुमचं तुम्हालाच मिळालं.

गेमच बंद पडला तर

गेम बंद पडू शकतो हे आपल्याकडच्या पोरांना शिकवायची गरज नसावी. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. २ जुलै २०२१ ला त्याच्या जागी बीजीएमआय आला, तो २८ जुलै २०२२ ला दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंद झाला. या सगळ्यात ज्यांनी पेट्या फोडून कपडे आणि बंदुका जमवल्या होत्या, त्यांचा जीव टांगणीला लागला.

सरकारने हात लावला नाही तरी गेम बंद पडतात. ॲपेक्स लेजेंड्स मोबाइल मे २०२२ मध्ये आला आणि १ मे २०२३ ला बंद झाला, वर्षही पुरं झालं नाही. वॉरझोन मोबाइल मार्च २०२४ मध्ये वाजतगाजत आला, आणि मे २०२५ मध्ये कंपनीने त्यात नवं काही घालणं थांबवलं. म्हणून नव्या गेमच्या पहिल्या सहा महिन्यांत पैसे घालू नयेत. खेळावं, फुकटचं घ्यावं, आणि गेम टिकतो का ते बघावं.

फोन, खातं आणि यूपीआय

आता पालकांसाठी. उसाचं बिल ज्या खात्यात जमा होतं ते खातं मुलाच्या हातातल्या फोनला जोडू नका. वेगळं, लहान शिल्लक ठेवलेलं खातं त्या फोनवर असू द्या. यूपीआयला पिन लागतो म्हणून निश्चिंत राहणं बरं नाही. यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमेला पिन मागत नाही. महिन्याच्या सदस्यत्वाला ऑटोपे लावलेला असेल तर पैसे दर महिन्याला आपोआप जातात. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा भाग असतो. तो उघडून ओळखीचं नाही ते रद्द करा. हे काम आजच होण्यासारखं आहे.

प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून सेटिंगमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी मागावी असं करून ठेवा. मुलाचं खातं गुगलच्या फॅमिली लिंकने जोडलं तर खरेदीला तुमची परवानगी लागेल. पण ही परवानगी गुगलमार्फत होणाऱ्या खरेदीपुरतीच असते. गेमची नाणी बाहेरच्या वेबसाइटवरूनही मिळतात आणि तिथे फक्त यूपीआय आडवा येतो, म्हणून वर खात्याचं आधी सांगितलं.

मुलाला हौस करूच द्यायची असेल तर सगळ्यात सोपी वाट म्हणजे गुगल प्लेचा रिचार्ज कोड. ठरलेल्या रकमेचा कोड घ्यायचा, तेवढाच खर्च होतो, खातं जोडावं लागत नाही. दिवाळीला किंवा वाढदिवसाला एक कोड, मग वर्षभर मागायचं नाही, असा करार घरात होऊ शकतो. बीजीएमआयने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी रोज ३ तास खेळायची मर्यादा घातली आहे. खर्चालाही त्यांनी मर्यादा ठेवली होती: दिवसाला ७,००० रुपये. महिन्याला नव्हे, दिवसाला! अशी मर्यादा इंदापूरच्या कुठल्या घरात मर्यादा वाटेल ते मला कळत नाही. तेव्हा ती तुम्हीच ठरवा.

मुलाने न विचारता खरेदी केलीच तर आधी ओरडत बसू नका, परतावा मागा. प्ले स्टोअरच्या खरेदीचा परतावा ४८ तासांच्या आत मागितला तर मिळण्याची शक्यता जास्त. तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराची तक्रार १२० दिवसांपर्यंत करता येते. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही, हे अर्जात लिहायला हरकत नाही. पण परतावा मिळेलच अशी खात्री धरू नका. मिळाला तर नाणी किंवा वस्तू काढून घेतली जाते, कधी खात्यावर बंधनं येतात, हेही मुलाला आधी सांगा.

फसवणारे

दुर्मीळ लटकनाच्या नादात पोरं खातंच विकत घ्यायला जातात. जुन्या हंगामाची बडी असलेलं खातं टेलिग्रामवर दोन हजारांना. घेणाऱ्याला पासवर्ड मिळतो, विकणाऱ्याकडे मूळ ईमेल राहतो, आणि महिन्याभरात तो खातं परत ओढून घेतो. कंपनीकडे दाद मागावी तर खातेविक्री नियमातच बसत नाही, त्यामुळे तुमचीच बाजू लंगडी.

व्हॅलोरंटमध्ये रायट या कंपनीचे कर्मचारी सोबत खेळलेल्या खेळाडूला एक खास बडी देऊ शकतात. ही गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच तिचा गैरफायदा घेतला जातो. ती बडी गेमच्या आतच दिली जाते. डिस्कॉर्डवर 'मी रायटमधून बोलतोय, पासवर्ड दे' म्हणणारा चोर असतो. काउंटर-स्ट्राइकवाल्यांनी स्टीमसारखं दिसणारं लॉगिन पान कुणी पाठवलं तर वरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. आणि पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. चार्म विकताना समोरचा 'क्यूआर स्कॅन कर, पैसे येतील' म्हणाला तर तिथेच व्यवहार थांबवा.

स्किन आणि चार्म पणाला लावून चाकं फिरवणाऱ्या साइट असतात, त्यांच्या वाटेला जाऊच नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ त्याने बंद केले. पैशाच्या बरोबरीची मानली जाणारी नाणी, टोकन, वस्तूही त्यात 'पण' म्हणून धरल्या आहेत. शोभेचं लटकन घेणं वेगळं आणि तेच लटकन डावावर लावणं वेगळं.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, व्यवहार क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतात. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम समोरच्या खात्यात अडवली जाण्याची आशा असते. लाजेने दोन दिवस गप्प बसलेल्या पोराचे पैसे बहुधा पुढच्या खात्यांत गेलेले असतात.

स्वतः घडवायचं असेल तर

ज्याला लटकनांचं वेड आहे त्याने एकदा स्वतः एक बनवून बघावं. ब्लेंडर हे त्रिमित आकार घडवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. गेम बनवणाऱ्या कंपन्या लांब कुठे आहेत असंही नाही. मास्कगन आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला इंडस हे गोळीबाराचे गेम बनवणारी सुपरगेमिंग पुण्याचीच. काउंटर-स्ट्राइकच्या वर्कशॉपमध्ये खेळाडूंनी केलेली स्किन आणि स्टिकरं निवडून गेममध्ये घेतली जातात आणि करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो.

लटकन दिसायला सोपं, करायला अवघड असतं, कारण ते पडद्यावर नखाएवढं दिसतं. म्हणून बारीक नक्षीत वेळ घालवू नका, बाह्याकृती पक्की करा. काळ्या सावलीतही ओळखू येतो तोच आकार चांगला. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर येणारा रोहित पक्षी यासाठी सुरेख आहे: लांब मान, दुमडलेला पाय, एकच गुलाबी रंग. तिथलीच चिलापी घेतली तर खवले सोडा, पाठीवरच्या काट्यांची रेघ धरा. उसाचं कांडं चालेल, पण पानांशिवाय ते बांबूसारखं दिसतं. तुकोबांची पालखी बारामती, बेलवडी, इंदापूर अशी जाते म्हणून वारीच्या खुणा वापरायचा मोह होईल. तो आवरा. टाळ-वीणा बंदुकीला टांगलेली आपल्या गावात कुणाला रुचणार नाही.

वर अडकवायची कडी आकाराच्या मध्यावर घ्या, नाहीतर लटकन वाकडं लोंबतं. जड भाग खाली ठेवा म्हणजे झोका खरा वाटतो. रंग तीनच्या वर नेऊ नका. नमुना तयार झाला की त्याची तीन चित्रं काढा: जवळून, बंदुकीवर लावलेलं, आणि फोनच्या पडद्यावर दिसेल तेवढ्या आकारात. कामासाठी कुणाला दाखवायचं झालं तर हे तिसरं चित्र सगळ्यात आधी ठेवा, कारण 'एवढ्याशा आकारात ओळखू येतं का?' हाच बघणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो.